फाइव्ह-जीवरचं ऑपरेशन आणि मावशीच्या पित्ताशयातले खडे

“आता ऑपरेशनसाठी मुंबई-पुण्याला जायची गरज नाही! फाइव्ह-जी टॉवरमुळे अमेरिकेतला डॉक्टर मोबाइलवरून तुमच्या गावातच ऑपरेशन करणार. रोबोचा हात थरथरत नाही, चूक होत नाही, सिग्नल एका मिलिसेकंदात पोहोचतो. 2001 मध्ये एका बाईचं पित्ताशय असंच काढलं. घाईने पोट फाडून घेऊ नका, थोडं थांबा. खालच्या लिंकवर नाव नोंदवा आणि दहा ग्रुपवर पाठवा.”

हा मेसेज जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. फिरेना का, असल्या पुड्या रोजच सुटतात, म्हणून मी सोडून दिला होता. पण चोपड्याच्या माझ्या मावशीने त्याच्या भरवशावर ऑपरेशनची ठरलेली तारीख रद्द केली. तिच्या पित्ताशयात खडे आहेत, दोनदा जोरात दुखून झालंय. वर मलाच सांगते, “जाऊ दे ना भाऊ, दिवाळीनंतर पाहू, तोवर ते मशीन येईलच.” म्हणून आता हे लिहिणं आलं.

आधी “थोडं थांबा”बद्दल, कारण यातलं सगळ्यात घातक तेच आहे. ज्या खड्यांनी एकदा दुखायला लागलं ते बहुतेकदा पुन्हा दुखवतात. पित्ताशय सुजू शकतं, त्यात पू होऊ शकतो. एखादा खडा घरंगळून मुख्य पित्तनलिकेत अडकला की कावीळ होऊ शकते आणि स्वादुपिंडाला जोरात सूज आली तर गाठ थेट आयसीयूशी. आज दुर्बिणीने चार छोट्या छिद्रांतून होणारं ऑपरेशन, थांबल्यामुळे उद्या मोठा छेद घेऊन करायची पाळी येऊ शकते. म्हणजे “पोट फाडून घेऊ नका” म्हणणाऱ्या मेसेजनेच पोट फाडायची वेळ आणायची. दुर्बिणीचं हे ऑपरेशन जळगावात कित्येक वर्षांपासून रोजचं झालंय. त्यासाठी अमेरिका कशाला लागते?

आता ते 2001. घटना खरी आहे, नाकारत नाही. 7 सप्टेंबर 2001 रोजी फ्रेंच सर्जन डॉ. जॅक मारेस्को न्यूयॉर्कमध्ये बसले होते आणि फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला 68 वर्षांच्या बाईंचं पित्ताशय झ्यूस नावाच्या रोबोने काढलं गेलं. त्याच महिन्यात ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात त्याचा वृत्तांत छापून आला. मेसेज लिहिणाऱ्याने तो वाचला असता तर मेसेज लिहिलाच नसता. पहिली गोष्ट, त्यात मोबाइलचं जाळं नव्हतंच. फ्रान्स टेलिकॉमने समुद्राखालच्या फायबरवर खास त्या ऑपरेशनसाठी राखलेली लाइन होती. तिचा वेग किती? सेकंदाला 10 मेगाबिट! आपल्या फोनच्या स्पीड टेस्टवर याहून मोठा आकडा सहज दिसतो. मग त्यांचं का जमलं? कारण त्या लाइनवर दुसरं कुणी नव्हतं. सर्जनने हात हलवल्यापासून पडद्यावर अवजार हललेलं दिसेपर्यंत सरासरी 155 मिलिसेकंद (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) जात होते आणि तो आकडा स्थिर होता.

“एका मिलिसेकंदा”चा फुगाही इथेच फुटतो. तो आकडा फोन आणि टॉवर यांच्यामधल्या हवेतल्या टप्प्यासाठी ठेवलेलं उद्दिष्ट आहे, न्यूयॉर्क ते चोपडा प्रवासाचा नव्हे. काचेच्या तारेतून प्रकाशालाच हजार किलोमीटरला साधारण 5 मिलिसेकंद लागतात, आणि कॅमेऱ्याचं चित्र दाबून पाठवायला, पलीकडे उलगडायला वेगळा वेळ जातो. ठरावीक उशिराची सर्जनच्या हाताला सवय होते. घात करतो तो कमी-जास्त होणारा उशीर. पित्ताशयाची बारीक नळी मोकळी करून तिच्यावर क्लिप लावायची असते, आणि मुख्य पित्तनलिका तिथेच अगदी खेटून असते. क्लिप चुकून तिच्यावर बसली तर रुग्णाला जन्मभराचं दुखणं. नेमक्या त्या क्षणी चित्र अर्ध्या सेकंदासाठी गोठलं तर? मावशीला व्हिडिओ कॉल केला की तिचं “हॅलो, दिसतंय का” संपायच्या आत चेहरा गोठतो.

मेसेजमध्ये जे अजिबात नाही ते असं: त्या दिवशी स्ट्रासबर्गला रुग्णाशेजारी सर्जन तयारीत उभे होते. भूल देणारे, छिद्रं पाडून रोबोचे हात आत घालणारे, अवजारं बदलणारे, सगळे तिथेच. रक्तस्राव आवरेना तर रोबो बाजूला करून हात घालणाराही तिथलाच लागतो. दूर नेली ती फक्त एक खुर्ची. ज्या गावात भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि धड ऑपरेशन थिएटर आहे तिथेच हा खेळ चालतो, आणि जिथे हे सगळं आहे तिथे बहुतेक वेळा सर्जनही असतोच.

म्हणून “तुमच्या गावात” या शब्दांचा मला जास्त राग येतो. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या, नर्मदाकाठच्या पाड्यांवरून अजूनही अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तिला लागतो रस्ता, वेळेवर गाडी, रक्ताची पिशवी आणि जवळच्या दवाखान्यात सिझेरियन करू शकणारा माणूस. हे मागायचं सोडून टॉवरकडे बघत बसायचं?

बरं, अर्धं खरं आहे ते कबूल करतो. 2019 मध्ये चीनमध्ये सान्याहून बीजिंगच्या पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णाच्या मेंदूत फाइव्ह-जीवरून उपकरण बसवलं, अंतर सुमारे 3,000 किलोमीटर. आपल्याकडे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. तेजस पटेल यांनी 2018 मध्ये गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरातून सुमारे 32 किलोमीटरवरच्या अहमदाबादच्या रुग्णाच्या हृदयाची रक्तवाहिनी उघडली. 2025 च्या जानेवारीत गुरुग्राममधून जयपूरच्या रुग्णावर एसएसआय मंत्र या भारतीय रोबोने हृदयशस्त्रक्रिया झाली. पण ही सगळी निवडलेल्या रुग्णांवर, सुसज्ज हॉस्पिटलांत, नीट तयारी करून केलेली कामं आहेत. पुढे कधी जळगावच्या तरुण सर्जनला मुंबईचा मुरलेला सर्जन पडद्यावरून “इथे जरा जपून” असं सांगेल, तो उपयोग मला जवळचा आणि खरा वाटतो.

“रोबो चुकत नाही” यावर काय लिहायचं! तो स्वतः काहीच करत नाही, सर्जनचा हात जाईल तिकडे जातो. थरथर गाळतो हे खरं, चुकीचा निर्णय गाळत नाही.

राहिली लिंक. तिथे नाव, आजार, आधार क्रमांक आणि “नोंदणी फी” मागतात. केंद्राने 2020 मध्ये टेलिमेडिसिनच्या, म्हणजे दुरून सल्ला-उपचाराच्या, मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांच्या कक्षेतून दुरून करायच्या शस्त्रक्रिया स्पष्टपणे वगळल्या आहेत. फोनवरून सल्ला आणि औषध मिळतं, म्हणून ऑपरेशनचं बुकिंगही तसंच असेल असं समजू नका. फी भरून बसला असाल तर लाजू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेलाही कळवा. मावशीने सुदैवाने पैसे भरले नव्हते, नुसता नंबर दिला होता. आता तिला रोज दोन-तीन “रोबो सेंटर”वाल्यांचे फोन येतात.