नॉब फिरवून स्प्रिंग मऊ होत नाही

पुण्यातल्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातले दावे असे: रोजच्या गाडीला कॉइलओव्हर (शॉकअपभोवती स्प्रिंग असलेला, उंची बदलता येणारा सेट) बसवा, शॉकअपवरचा नॉब मऊ केला की शहर, कडक केला की घाट, गाडी जितकी खाली तितकी पकड जास्त, नॉबला ३२ क्लिक म्हणजे टप्पे असलेला सेट १६ क्लिकच्या सेटपेक्षा सरस, एकदा बसवला की बघायला नको, आणि आरसीवर उंची लिहिलेली नसते, म्हणून कायद्याची भीती नाही. हे वाचून पोरं पगारातून पैसे बाजूला काढून सेट मागवतात, म्हणून नीट उत्तर द्यावंसं वाटलं.

सगळ्यात मोठी चूक नॉबची. नॉब शॉकअपमधल्या तेलाची वाट अरुंद किंवा मोकळी करतो. स्प्रिंगचा कडकपणा सेट विकत घेतानाच ठरलेला असतो, नॉबचा त्याच्याशी संबंध नाही. हिशेब करून बघा. पुढच्या एका चाकावर बॉडीचं ३०० किलो वजन आणि मिलिमीटरला २ किलोची (म्हणजे दर २ किलो वजनाला एक मिलिमीटर दबणारी) स्प्रिंग धरली, तर बॉडी सेकंदाला साधारण १.३ वेळा वरखाली होते. घरगुती गाड्या १ ते १.५ च्या दरम्यान ठेवतात, कारण तेवढं डोलणं अंगाला सोसतं. तिथे ५ किलोची स्प्रिंग आली की आकडा २ वर जातो. आता नॉब पूर्ण मोकळा सोडा. स्प्रिंग तेवढीच कडक, पण तिला आवरणारा शॉकअप ढिला. धक्का बसायचा तो बसतोच, वर गाडी उड्या मारत राहते. बिल्स्टाइन कंपनीचा बी१४ हा नावाजलेला सेट बिननॉबचाच आहे: उंची बदलता येते, शॉकअप मात्र स्प्रिंगला जुळवूनच दिलेला असतो. क्लिक १६ की ३२, हा प्रश्न यापुढे उरतच नाही.

‘जितकी खाली तितकी पकड’ हे ऐकायला पटतं, कारण गुरुत्वमध्य खाली येतो हे खरं आहे. पण आपल्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडानना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे चाक वरून शॉकअप-स्प्रिंगच्या खांबाने आणि खालून एकाच दांड्याने, लोअर आर्मने, धरलेलं असतं. गाडी फार खाली आणली की लोअर आर्मचं चाकाकडचं टोक वर चढतं, आणि बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं. म्हणजे तेवढ्याच स्प्रिंगवर गाडी वळणात जास्त कलायला बघते, आणि कलताना बाहेरचं चाकही हवं तसं आत झुकत नाही.

त्याहून महत्त्वाचा चाकाचा प्रवास. समजा चाकाला वर जायला ८० मिलिमीटर जागा होती. स्प्रिंगखालची उंचीची रिंग फिरवून गाडी ४० ने खाली घेतली तर निम्मी जागा गेली. मग सिंहगड रोडवर डांबराच्या थरांखाली दबलेलं ड्रेनेजचं झाकण आलं की शॉकअप थेट बंप स्टॉपवर, म्हणजे प्रवास संपतो तिथल्या रबरी ठोकळ्यावर, आदळतो. ताम्हिणीच्या उखडलेल्या वळणावर असं झालं तर चाक रस्ता सोडतं, म्हणजे ज्या पकडीसाठी खर्च केला तीच जाते. आणि गतिरोधक? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलाय. आपल्या सोसायट्यांच्या दारातले बघा आणि मग उंची ठरवा.

‘एकदा बसवला की बघायला नको’ हे मी स्वतः भोगलंय. माझ्या हॅचबॅकला दोन पावसाळे असा सेट होता. बसवणाऱ्या गॅरेजने उंची कमी केली, पण अलाइनमेंट केलंच नाही; काही महिन्यांत पुढच्या टायरांची आतली कड तारेपर्यंत गेली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर चिखल बसून पुढची डावी रिंग अशी जाम झाली की वायर ब्रश, गंजाचा स्प्रे आणि अर्धा रविवार गेला. रिंग फिरते ते आटे साफ ठेवणं, नवी स्प्रिंग वापराने थोडी दबल्यावर उंची पुन्हा मोजणं आणि दर वेळी अलाइनमेंट, हे सगळं आलंच.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ उत्पादकाच्या स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलता येत नाही असं म्हटलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. आरसीवर उंची नाही, ही त्यावरची ढाल नव्हे. विमा कंपनीलाही लेखी विचारा.

मी कॉइलओव्हरच्या विरोधात नाही. शॉकअप चाकाला जोडणारा खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो, म्हणजे प्रवास न गमावता उंची बदलते, स्प्रिंग मूळच्यापेक्षा थोडीच कडक आहे, आणि शॉकअप पुन्हा बांधून देणारा माणूस गाठीशी आहे, असा सेट असेल तर गाडी खरंच सुंदर चालते. विक्रेत्याला पहिला प्रश्न स्प्रिंगच्या आकड्याचा विचारा.

ज्याने मला हा मेसेज पाठवला त्या मित्राची गाडी ७० हजार किलोमीटर चाललीय, शॉकअप अजून कंपनीचेच. डावीकडे तेल गळतंय. येत्या शनिवारी तो पुढचे दोन्ही शॉकअप, टॉप माउंट (शॉकअप वर बॉडीला धरणारा भाग) आणि लोअर आर्मचे रबरी बुश बदलून घेतोय. मग कात्रजच्या घाटातून त्याच वेगाने, त्याच टायरांवर एक फेरी मारू, आणि कॉइलओव्हर हवाच का ते त्यानंतर बोलू.