पिशवीतले रिपोर्ट

रास्ता पेठेतल्या कट्ट्यावर रविवारी नंदूने मोबाईल पुढे केला. दवाखान्याच्या खिडकीवर त्याला आभा कार्ड, म्हणजे सरकारचं डिजिटल आरोग्य ओळखपत्र, काढून दिलं होतं, १४ आकडी नंबरचं. "आता म्हणे माझे सगळे रिपोर्ट एकत्र दिसणार. कुणाला दिसणार, ते आधी सांगा." नंदू विम्याचं काम करतो. आजार नोंदला गेला की हप्ता कसा चढतो हे तो रोज बघतो, त्यामुळे त्याची भीती खरी आहे.

मी मात्र एकत्र आणा म्हणणाऱ्यांतला. कारण आमचे अण्णा. शुगरचे डॉक्टर वेगळे, बीपीचे वेगळे, गुडघ्याचे वेगळे. बीपीच्या दोन गोळ्या चालू होत्या, त्यातली एक लघवीवाटे पाणी काढणारी. त्यात गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळी रोजची झाली. या गोळ्या एकत्र आल्या की किडनीवर ताण येऊ शकतो हे डॉक्टर लोकांना चांगलं माहीत असतं. पण तिघांच्या चिठ्ठ्या एका टेबलावर कधी आल्याच नाहीत. त्या आमच्या घरी साडीच्या दुकानाच्या पिशवीत होत्या. किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, क्रिएटिनिन, वाढला तेव्हा पिशवी पहिल्यांदा पूर्ण उपडी केली.

वर्षा पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. ती म्हणाली, "लोक नुसती तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, एचबीए१सी, करून जातात. अंगात लोह कमी असलं तर तो आकडा उगाच वाढलेला दिसू शकतो. शेजारी हिमोग्लोबिन बघायला नको का? बाईच्या बाबतीत तर आधी."

"बरं, सगळं एकत्र केलं," मंग्या म्हणाला, "आणि कॉम्प्युटरने सांगितलं हे औषध द्या. तो शिकला कुणाच्या आकड्यांवर? गोऱ्यांच्याच ना?"

हा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटला. २०१८ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी वय, वजन, शुगर, इन्सुलिन असे आकडे एकत्र करून मोठेपणी होणाऱ्या मधुमेहाचे पाच गट पाडले. कुणाच्या किडनीला जास्त धोका, कुणाच्या डोळ्यांना, हे गटागणिक वेगळं निघालं. पण आपली शरीरं वेगळी. या कट्ट्यापासून जवळच्या, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापं छापली होती. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वजनकाट्याला दोघं सारखेच! भारतातल्या रुग्णांवरून गट पाडले तेव्हा चित्र स्वीडनसारखं हुबेहूब आलं नाही. म्हणून तर म्हणतो, आपले आकडे गोळा झालेच पाहिजेत, नाहीतर आपल्याला दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा मिळेल.

"आणि संमती?" नंदू हटला नाही. "लोकांची खाजगी माहिती जपण्याचा २०२३ चा कायदा मला ठाऊक आहे. पण खिडकीवर काय होतं? मागचा माणूस ढकलतोय, आतून आवाज येतो, ओटीपी सांगा. आपण सांगतो. झाली संमती."

इथे मी गप्प बसलो, कारण माझंही तसंच झालंय. कोणता रिपोर्ट, कुणाला, किती दिवस दाखवायचा हे रुग्णाने ठरवायचं आणि दिलेली संमती काढूनही घेता येते, अशी सोय या व्यवस्थेत आहे. अण्णांना ती कुणी सांगितली नाही. विम्याचा माणूस आणि डॉक्टर यांच्यासाठी दोन वेगळी दारं असतात, हे मराठीत, शांतपणे, खुर्चीवर बसवून सांगायला एक माणूस लागतो. तो नेमा, मग ओटीपी मागा. एवढ्यावर नंदूही तयार झाला. फक्त म्हणाला, "माणूस दवाखान्याचा हवा, कंपनीचा नको."

मंग्या मघापासून मोबाईलमध्ये काहीतरी शोधत होता. आईचा गेल्या महिन्याचा रिपोर्ट निघाला. तीन महिन्यांची शुगर ७.४, गोळीचा डोस वाढवलेला. हिमोग्लोबिन तपासलेलंच नव्हतं.

"वर्षा, तुमची लॅब उद्या किती वाजता उघडते?"

"सात. आणि आईंना सांग, आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या घेऊन या."