शून्याखाली हीट पंप खरंच निकामी होतो?

"पारा शून्याखाली गेला की हवेत उष्णताच उरत नाही. मग हीट पंप निव्वळ विजेचा हीटर होतो, वर त्याच्यावर बर्फ साचतं ते वेगळंच." हा मजकूर थंड प्रदेशातली माणसं एकमेकांना पाठवताहेत आणि त्यावर विसंबून पुन्हा तेलाचा बॉयलर बसवताहेत. म्हणून हे उत्तर. हीट पंप म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात आणणारं, विजेवर चालणारं यंत्र.

हवेत उष्णताच उरत नाही? ती पूर्ण संपते उणे २७३.१५ अंश सेल्सिअसला. उणे १५ ची हवा आपल्याला बोचते, पण आर-३२ हे शीतक, म्हणजे पंपाच्या नळ्यांत फिरून उष्णता वाहून नेणारं द्रव्य, साध्या हवेच्या दाबाला उणे ५२ च्या आसपासच उकळतं. घराबाहेरच्या कॉईलमधलं, म्हणजे नळीच्या वेटोळ्यातलं, शीतक बाहेरच्या हवेहून थंड ठेवलं, की उष्णता आपणहून त्यात शिरते आणि त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून तापवतो आणि घरात पोचवतो. वीज खर्च होते ती मुख्यतः या वाहतुकीवर.

निव्वळ हीटर होतो? हीटर एक युनिट विजेतून एकच युनिट उष्णता देतो. प्रत्यक्ष घरांतल्या मोजमापांचा आढावा २०२३ मध्ये 'जूल' नियतकालिकात आला. त्यात उणे १० पर्यंतच्या थंडीत मिळालेली उष्णता आणि खर्चलेली वीज यांचं गुणोत्तर, म्हणजे सीओपी, सरासरी दोनच्या वरच होतं. थंडीसाठी बनवलेली मॉडेल्स उणे ३० च्या आसपासही विजेच्या दीडपट उष्णता देतात. नॉर्वेत निम्म्याहून जास्त घरांत हीट पंप आहेत, ते उगाच नव्हे.

बर्फ? साचतं. यंत्र काही मिनिटं चक्र उलटं फिरवून ते वितळवतं आणि त्यात थोडी वीज जाते. पण हा त्रास कडाक्याच्या थंडीपेक्षा शून्याच्या आसपासच्या दमट हवेत जास्त, कारण फार थंड हवेत बाष्पच कमी असतं.

दाव्यात एक खरी गोष्ट आहे, ती लपवू नये. घराला उष्णता सर्वात जास्त हवी असते नेमकी तेव्हाच साध्या पंपाची क्षमता उतरते. पत्रकावरचा ठळक आकडा बहुधा बाहेर ७ अंश असतानाचा असतो. त्यावर निवडलेला पंप जानेवारीत कमी पडणारच. पंप पाणी तापवून घरात फिरवत असेल तर त्या पाण्याचं तापमानही पाहायला हवं. बाहेर उणे १० असताना घराच्या फरशीखालच्या नळ्यांना ३५ अंशांचं पाणी पुरत असेल तर पंपाला तापमान ४५ अंशांनी चढवावं लागतं. जुन्या रेडिएटरना ६० अंशांचं लागलं तर ७० अंशांनी. तोच पंप दुसऱ्या घरात बरीच जास्त वीज खातो. तेव्हा घेण्याआधी आपल्याकडच्या सर्वात थंड रात्रीच्या तापमानाला हा पंप किती किलोवॉट देतो, हे विक्रेत्याकडून लेखी मागा.