पाऊस न पाहिलेला नकाशा

गेले काही आठवडे एक मजकूर फिरतोय. मला तो चार ग्रुपांवर आला, आणि पाचव्यांदा चुलतभावाने 'वाच, तुझ्या धंद्याचं आहे' म्हणून पाठवला. सारांश असा: कोकणात शाळा, दवाखाना, कचरा प्रकल्प, वसाहत, काहीही उभारायचं तर आता पायपीट नको. सॅटेलाइटचा फोटो घ्या, जीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये चढ-उतार, नद्या, रस्ते, सातबाऱ्याच्या हद्दी असे थर एकावर एक ठेवा, दहा मिनिटांत योग्य जागा हिरवी होऊन समोर येते. ना गावकऱ्यांचे वाद, ना पुढाऱ्यांचा दबाव. कॉम्प्युटर पक्षपात करत नाही. शेवटी हात जोडलेले इमोजी आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'.

माझी भाकरी याच कामावर आहे. क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर उघडल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. त्यामुळे यंत्राला शिव्या घालायचा माझा विचार नाही. उलट, असल्या कौतुकानेच त्याचं नाव खराब होतं. नको त्या जागा भराभर बाजूला काढायला जीआयएससारखं साधन नाही. शंभर गटांचे पाच करून देतं. त्या पाचांतला एक निवडून देत नाही, आणि मजकुराची सगळी गडबड इथेच आहे. दहा मिनिटांचं म्हणाल तर ती खरी आहेत. बटण दाबल्यावर तेवढीही लागत नाहीत. त्याआधीचे चार महिने मजकुरात नाहीत, एवढंच.

आता एकेक मुद्दा.

'सॅटेलाइटला सगळं दिसतं.'

कोकणात जे बघायचं असतं ते जून ते सप्टेंबर, आणि नेमकं तेव्हा वर ढग असतात. युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी डोक्यावरून जातो, पण पावसाळ्यातल्या त्याच्या बहुतेक फोटोंत पांढऱ्या कापसाशिवाय काही नसतं. म्हणून आपण सगळे नोव्हेंबर ते मे यातला स्वच्छ फोटो उचलतो. म्हणजे आपला नकाशा कोरड्या कोकणाचा. रडारवाला सेंटिनेल-१ ढगांपलीकडे बघतो, पसरलेलं पाणी त्याला कळतं. झाडांखालून जाणारा पऱ्या किंवा व्हाळ, म्हणजे छोटा ओढा, त्यालाही दिसत नाही.

दुसरं, या फोटोची एक चौकट १० मीटर बाय १० मीटरची. म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. आमच्याकडे भावकीत वाटण्या होऊन उरलेली भाताची खाचरं याहून लहान असतात.

एक प्रसंग सांगतो. सिंधुदुर्गातल्या एका गावासाठी कचरा प्रकल्पाची जागा शोधत होतो. मार्च महिना. एक तुकडा असा सापडला की चढ नावालाच, रस्ता दोनशे मीटरवर, वस्ती पाऊण किलोमीटर लांब, झाड एक नाही. नकाशावर तो इतका हिरवागार झाला की मनातल्या मनात मी अहवालही लिहून टाकला. जागेवर गेलो तर कातळ तव्यासारखा तापलेला, वाळक्या गवताचे झुपके, आणि गुरं घेऊन आलेले एक आजोबा. टॅबमध्ये डोकावून म्हणाले, "हयसर पावसात गुडघाभर पाणी असता. तुझ्या नकाशात नाय काय ता?"

नव्हतं. वाकून बघितलं तर कातळाच्या खोलगट भागात वाळल्या चिखलाचे पापुद्रे होते, आणि त्या पापुद्र्यांत नखापेक्षा लहान, पांढरे पडलेले गोगलगायींचे शंख. दोन पावलं अलीकडे उभं राहिलो असतो तर तेही दिसले नसते.

'पाणी कुठे जाणार ते सॉफ्टवेअरच सांगतं.'

सांगतं, पण उंचीच्या नकाशावरून. आपल्याकडे फुकटात मिळणारा आणि सर्वांत जास्त वापरला जाणारा उंचीचा नकाशा एसआरटीएमचा: फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून ११ दिवसांत रडारने मोजलेला, चौकट ३० मीटरची. रडारला जमीन आणि झाडाचा शेंडा यांतला फरक नीट कळत नाही. दाट माडाची आगरं या नकाशात टेकाडासारखी वर येतात आणि सॉफ्टवेअर पाणी त्यांना वळसा घालून नेतं. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहाच्या फोटोंपासून बनवलेला उंचीचा नकाशा मिळतो, तोही ३० मीटरचा. दोन्ही लावून बघा. सपाट खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, दोघांचे ओहोळ वेगवेगळ्या वाटेने निघतील.

पण खरा मासला चिपळूणचा. वाशिष्ठीचं पाणलोट क्षेत्र सॉफ्टवेअरला काढायला सांगा. ते सह्याद्रीच्या माथ्यावर रेघ ओढतं: अलीकडचं पाणी वाशिष्ठीत, पलीकडचं कोयनेतून कृष्णेत. भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे शंभर टक्के बरोबर, आणि चिपळूणकराला विचाराल तर सपशेल चूक. कारण कोयनेचं पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पोफळीला वीज करून कोळकेवाडीला येतं आणि तिथून वाशिष्ठीत उतरतं. कृष्णा पाणी तंटा लवादाने कोयनेतून पश्चिमेला वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) मर्यादा घातली होती. यावरून हे पाणी किती ते समजा. उंचीच्या नकाशात बोगदा नसतो. तो कुणीतरी हाताने काढावा लागतो, आणि काढायला तो आहे हे ठाऊक असावं लागतं.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं त्यात पावसाचा वाटा किती, धरणाच्या पाण्याचा किती, भरतीचा आणि नदीतल्या गाळाचा किती, यावर बाजारपेठेत आजही दोन तट पडतात. मी त्यात पडत नाही. एवढंच म्हणतो की यातल्या गाळाचा आणि भरतीचा थर त्या 'दहा मिनिटांच्या' नकाशात कुठे बसवलात ते दाखवा. नंतर पुराची निळी रेषा आणि लाल रेषा आल्या. निळी ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाची. रेघ कागदावर केसाएवढी असते, पण ती कुणाच्या दुकानाच्या मागून जाते की पुढून, यावर बांधकामाची परवानगी ठरते. त्या रेघेसाठी नदीचे आडवे छेद जागेवर जाऊन मोजावे लागतात.

'सातबाऱ्याचा नकाशा ऑनलाइन आहे, वर ठेवला की हद्द कळते.'

इथे माझे सर्वांत जास्त दिवस जातात. आपले मूळ गाव नकाशे ३३ फुटी साखळीने मोजलेले. एक साखळी बाय एक साखळी म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. हे गणित अजून प्रत्येक दलालाला तोंडपाठ असतं. कापडावर किंवा कागदावर काढलेला तो नकाशा शंभर पावसाळे दप्तरात राहिला, दमट हवेत कुठे ताणला, कुठे आकसला, मग स्कॅन झाला. तो सॅटेलाइटच्या फोटोवर बसवायचा तर चिऱ्याचे गडगे, जुन्या विहिरी, देवळाचे कोपरे, तीन गावांच्या सीमा जिथे मिळतात ते दगड, असे पक्के बिंदू शोधावे लागतात. एका कोपऱ्यात जुळवलं की दुसरीकडे वीस मीटर घसरतं.

त्यात सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने टोपोशीट, म्हणजे भूरचनेचे नकाशे. ते एव्हरेस्टच्या गोलाभावर, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर; म्हणजे पृथ्वीचा आकार धरायच्या दोन वेगळ्या पद्धती. हा फरक ध्यानात न घेता थर चढवले तर आपल्या भागात नकाशा शंभर मीटरच्या आसपास सरकतो. किनाऱ्यालगतचं देऊळ समुद्रात उभं असलेलं मी बघितलंय. करणारा माणूस इंजिनिअर होता आणि सॉफ्टवेअरने त्याला चूक म्हणून एक शब्द दाखवला नव्हता.

हद्द जुळली तरी तो गट एका माणसाचा थोडाच आहे? सातबाऱ्यावर बावीस नावं, त्यांतली अर्धी मुंबईला, पोटहिस्से कधी मोजलेलेच नाहीत, इतर हक्कांत कुळाचं नाव. संगणकावर हा सगळा संसार एकाच रंगाचा एक चौकोन. कायद्याने धरली जाते ती भूमी अभिलेखवाल्यांची मोजणी, माझ्या पडद्यावरची रेघ नव्हे.

सीआरझेडचंही, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याचंही, तेच. भरतीरेषा फोटोवरून स्वतः आखणारे महाभाग आहेत. फोटो ओहोटीला काढला की भरतीला, हे त्यांनी विचारलेलं नसतं. आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत दोन-अडीच मीटरचा फरक पडतो, आणि सपाट खाजणात तेवढ्या उंचीला आडवं अंतर किती पडेल ते खाजणातल्या बांधावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. परवानगीसाठी चालते ती मंजूर आराखड्यातली रेषा.

'सडे तर पडीकच आहेत, नकाशातच तसं लिहिलंय.'

लिहिलंय खरं. जमीन वापराच्या नकाशांत आपला कातळसडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, 'नापीक खडकाळ' या खान्यात जातो, कारण मार्च-एप्रिलमध्ये वरून तो तसाच दिसतो. जांभा मात्र चाळणीसारखा असतो. सड्यावरचं पाणी त्यातून मुरतं, खालच्या चिकट मातीवर अडतं आणि पायथ्याला झऱ्यातून बाहेर पडतं. खालच्या वाडीची विहीर त्यावर चालते. सड्यावर कचरा टाकायचा आणि 'वस्तीपासून पाऊण किलोमीटर' म्हणून समाधान मानायचं, याचा अर्थ एवढाच की माणसं लांब आहेत. त्यांचं पाणी जवळच आहे.

आणि कातळशिल्पं? कशेळीचा कातळात कोरलेला हत्ती साधारण १८ मीटर बाय १३ मीटरचा. १० मीटरच्या चौकटींत तो दोन-तीन ठिपक्यांत संपतो. कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे, बारसू, कुडोपी यांसारख्या जागा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. त्या सापडल्या त्या सडे पायी तुडवणाऱ्या आणि गुराख्यांना विचारणाऱ्या लोकांमुळे.

'पाच किलोमीटरचं वर्तुळ काढा, दवाखाना कुणाला जवळ ते कळतं.'

दाभोळला वर्तुळ काढून बघा. धोपावे त्यात मस्त बसतं. मधे वाशिष्ठीची खाडी आहे. दिवसा फेरीबोटीने काही मिनिटांचं काम, पण रात्री दोनला बाळंतीण न्यायची तर रस्त्याने चिपळूणकडून वळसा. पुढे लिहायची गरज नाही.

'कॉम्प्युटर पक्षपात करत नाही.'

तो करत नाही, बरोबर. आम्ही करतो, त्याला भार देताना, म्हणजे कुठल्या निकषाला किती वजन ते ठरवताना. दोन जागा घ्या. पहिलीला चढासाठी ५ गुण, रस्त्यासाठी २, वस्तीपासूनच्या अंतरासाठी ४. दुसरीला ३, ५ आणि ३. भार अनुक्रमे ५०, २० आणि ३० टक्के दिला तर पहिली ४.१, दुसरी ३.४. आता चढाचे ५० आणि रस्त्याचे २० यांची अदलाबदल करा: पहिली ३.२, दुसरी ४.०. जमीन तीच, गुण तेच, विजेता बदलला. हे भार कुणी ठरवले, कुठल्या बैठकीत, हे अहवालाच्या शेवटच्या पानावरही नसतं. पुढाऱ्याचा दबाव जातो म्हणता. तो आता टक्केवारीच्या रकान्यात बसतो, तेवढाच फरक.

मोजमापाचा तुकडा बदलला तरी उत्तर बदलतं. पश्चिम घाटाचंच घ्या. गाडगीळ समितीने २०११ मध्ये साधारण नऊ किलोमीटरच्या चौकटी धरल्या, कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये गाव धरलं. कुठलं गाव संवेदनशील, याची उत्तरं वेगळी आली. कुणाचं बरोबर हा वेगळा वाद, पण दोन्हीकडे सॅटेलाइट होता.

शेवटी याद्यांबद्दल. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती वाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. दरडींचे प्रादेशिक नकाशे १:५०,००० या प्रमाणात होतात. त्यात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. आख्खी वाडी टाचणीच्या डोक्याखाली झाकली जाते. आपलं घर त्या नकाशात हिरव्या रंगात आहे म्हणून निर्धास्त झोपणाऱ्यांना मी तरी हा मजकूर शेअर करणार नाही.

त्या सड्यावर मी जुलैत परत गेलो. आजोबा इरलं घेऊन पुढे, मी हातात जीपीएस धरून मागे, पाण्याच्या कडेकडेने एक पूर्ण फेरी मारली. बूट दोनदा आत रुतले. थरात आता १८ गुंठ्यांचा एक निळा बहुभुज आहे. नावाच्या रकान्यात काय भरू विचारलं तर आजोबा म्हणाले, "म्हशीची तळी. आणि काय?" प्रकल्पाची जागा अजून शोधतोय.