जोडलेला गुडघा तेलाने वाकत नाही

‘गुडघ्याचं फ्यूजन झालंय? ते पुन्हा सुटतं! कोमट तिळाच्या तेलाने रोज मालिश, घोट्याला दोन किलो वाळूची पिशवी. ४० दिवसांत मांडी घालाल. बुटाला उंची लावू नका, पाय आळशी होतो. अपंगत्वाचा दाखला काढू नका, शिक्का बसतो.’ व्हॉट्सॲपवरचा हा मेसेज काल आमच्या आत्याला आला. तिचा गुडघा चार महिन्यांपूर्वीच जोडलाय, त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

फ्यूजनमध्ये मांडीच्या हाडाचं खालचं आणि नडगीचं वरचं टोक कापतात, उरलेली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) काढतात आणि दोन्ही कापलेले भाग एकमेकांवर घट्ट दाबून बसवतात. हाड जुळेपर्यंत आधाराला आत लांब रॉड, नाहीतर बाहेरून रिंग. काही महिन्यांत त्यांचं एकच हाड होतं, एक्स-रेत मधली फट दिसेनाशी होते. तेलाने स्नायू सैल होतील, पण वाकायला तिथे सांधाच उरलेला नसतो.

पिशवी मात्र घातक आहे. खुब्यापासून घोट्यापर्यंत पाय आता एकच लांब दांडा झालाय, टोकाला वजन बांधलं की सगळा ताण वर जातो. हाड अजून जुळलं नसेल तर ते हलत राहतं, जोड धरत नाही आणि पुन्हापुन्हा ताण बसून रॉड तुटतो. जुळलं असेल तर रॉडच्या टोकाशी किंवा जोडाच्या वर हाड मोडू शकतं. मालिश करता करता पाय ‘जरा वाकायला लागला’ असं वाटलं, तर तो गुण आलेला नाही. त्या पायावर भार टाकू नका, त्याच दिवशी एक्स-रे काढून सर्जनला दाखवा.

‘पुन्हा सुटतं’ हे अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करावं लागतं. निवडक रुग्णांत फ्यूजन उघडून कृत्रिम सांधा बसवतात. त्यासाठी मांडीचा पुढचा स्नायू शाबूत हवा, जंतुसंसर्ग झाला असेल तर तो पूर्ण गेलेला हवा, आणि तरीही गुंतागुंत बरीच होते.

हाडांची टोकं कापल्याने पाय आखूड होतो, म्हणून बुटाची उंची लागतेच, पण दोन पायांतल्या पूर्ण फरकाएवढी नाही. ताठ पाय पुढे टाकताना जमिनीला घासू नये म्हणून तो एखादा सेंटिमीटर आखूडच ठेवतात. पाय ४ सेंमी आखूड असेल तर उंची साधारण ३. उभं करून आखूड पायाच्या तळव्याखाली फळ्या सरकवायच्या, कंबर समान झाली की मोजायचं आणि त्यातून १ वजा करायचा. सेंटिमीटरभर उंची बुटाच्या आत मावते, बाकीची सोलखाली. मुंबईत हाजी अलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन या सरकारी पुनर्वसन संस्थेत माप घेऊन करून देतात.

दाखल्याचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के आणि वर अपंगत्व असलेल्यांना सवलती आहेत. लोकलच्या साध्या डब्यात ताठ पाय समोरच्याच्या गुडघ्यांना अडतो. दिव्यांगांच्या डब्यात तरी तो पसरायला जागा मिळते, आणि त्यासाठी दाखला खिशात लागतो.