लेखक महाशय, प्रेम असंच करत राहा!

तुम्ही धडपडणारे लेखक आहात आणि घरात जीव लावणारं माणूसही आहे? अभिनंदन! कच्चा माल घरपोच आलाय. तो कसा वापरायचा, ते अनुभवी बाईकडून ऐका.

भांडणात उलट बोलू नका. खाली मान घालून ऐका. तिला वाटेल, वरमला बिचारा. तुम्ही वाक्यं पाठ करा.

वीजबिलाचा विषय निघाला की 'मी आत्ता कथेत आहे' म्हणा.

कथा 'साभार परत' आली तर तीन दिवस अबोला धरा. छापून आली तर तीन दिवस तिला बोलू देऊ नका.

अधूनमधून रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्कीच्या अ‍ॅनाचा दाखला द्या. १८६६ मध्ये तिने त्याची अख्खी कादंबरी २६ दिवसांत लघुलिपीत उतरवून घेतली, पुढे लग्न केलं, त्याची पुस्तकंही स्वतः छापली. १८७१ नंतर त्याने जुगार सोडला, तेवढं मात्र सांगू नका.

आता मुख्य धडा. तिच्यावर दुःख कोसळलं की जवळ बसा. माझे वडील गेले त्या रात्री मी त्यांचा चष्मा पुसत बसले होते. काचा केव्हाच लख्ख झाल्या होत्या, तरी पुसतच होते. 'आता हा कुणाला लावू?' एवढंच काय ते बोलले. आमच्या घरच्या लेखकाने एका हाताने माझा हात धरला होता, दुसऱ्या हातात मोबाइल. मला वाटलं, नातेवाइकांना कळवतोय. कसलं काय! गेल्या आठवड्यात अंक आला. नायिका चष्मा पुसतेय आणि म्हणतेय, 'आता हा कुणाला लावू?' कानामात्रेचाही फरक नाही! माझ्या नावातलं एक अक्षर तेवढं बदललंय, झाली पात्रं काल्पनिक. वर मलाच विचारतो, 'शेवट कसा वाटला?'

ही विद्या जुनीच आहे म्हणा. अमेरिकन कादंबरीकार फिट्झजेराल्डने बायकोच्या, झेल्डाच्या, डायरीतला मजकूर कादंबरीत घातला होता. १९२२ मध्ये झेल्डाने त्याच कादंबरीचं परीक्षण लिहून जाहीर टोला हाणला, की वाङ्मयचौर्याची सुरुवात घरापासून होते असं या गृहस्थांना वाटत असावं. मला कोण परीक्षण लिहायला सांगतंय!

पुरे झाले सल्ले. अरे, एरवी मी बोलते तेव्हा दोनदा 'काय म्हणालीस?' विचारतोस. डॉक्टरांची वेळ सांगितली, विसरलास. घरभाडं तीन महिने मीच भरतेय, त्यावर एक ओळ सुचली नाही तुला? त्या रात्री मी तुझ्याशी बोलत होते. तुला मजकूर सांगत नव्हते.

आणि ती फ्रेम सोनेरी नव्हती रे. काळी होती, प्लास्टिकची, डावी काडी चिकटपट्टीने जोडलेली. शेजारी बसून तेवढंही पाहिलं नाहीस.