सत्ता आपणहून सोडली गेली नाही

दुसऱ्या महायुद्धात थकलेल्या युरोपीय सत्तांनी वसाहती आपणहून सोडल्या, हे लेखातील विधान मला पटले नाही. महायुद्ध संपताच फ्रान्स व्हिएतनाममध्ये आणि नेदरलँड्स इंडोनेशियामध्ये सैन्यानिशी परतले. थकलेला माणूस सहसा असे करत नाही. व्हिएतनामचा निकाल १९५४ मध्ये दिएन बिएन फू येथे लागला. डोंगरांनी वेढलेल्या त्या खोऱ्यात जड तोफा आणता येणार नाहीत, या भरवशावर फ्रेंच सेनानींनी तेथे तळ उभारला होता. पण व्हिएत मिन्ह या व्हिएतनामी स्वातंत्र्यलढ्याच्या संघटनेच्या लोकांनी तोफा सुट्या करून, दोरखंडांनी ओढत डोंगरांवर चढवल्या. रसद पोहोचवण्यासाठी साध्या सायकली वापरल्या गेल्या. हँडलला बांबू बांधून लांबवायचे, दोनशे किलोपर्यंत ओझे लादायचे आणि सायकल चालवायची नाही, तर पायी ढकलत न्यायची. ७ मे रोजी तळ पडला आणि दुसऱ्याच दिवशी जिनिव्हा परिषदेत हिंदी-चीनच्या (व्हिएतनाम, लाओस व कंबोडिया या फ्रेंच वसाहतींच्या) प्रश्नावर बोलणी सुरू झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अल्जीरियात फ्रेंच सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि तो लढा १९६२ पर्यंत चालला.

इंडोनेशियाचा उल्लेख लेखात एका ओळीत आटोपला आहे. १७ ऑगस्ट १९४५ रोजी घोषित केलेले स्वातंत्र्य डचांनी मान्य केले ते डिसेंबर १९४९ मध्ये, तेही वसाहती सरकारचे सुमारे ४३० कोटी गिल्डरचे (डच चलन) कर्ज नव्या राष्ट्राच्या माथी मारून. त्या कर्जात इंडोनेशियनांविरुद्धच्या लष्करी मोहिमांचा खर्चही धरलेला होता. याला आपणहून जाणे कसे म्हणावे, हे लेखकाने कृपया स्पष्ट करावे.